पोर्टफोलिओ आणि समस्त शुभेच्छुक

तनुजा मॅडमला संगणकाचं सगळं यायचं, फक्त स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या म्हटलं की कीबोर्डवरची बोटं अडायची. फुलंब्रीच्या अलीकडं रस्त्याला लागून एक शाळा आहे, तिथं ती पाच वर्षं संगणक शिकवत होती. प्रिंटरमधे कागद अडकला की तनुजा मॅडम, प्रोजेक्टर निळा पडला की तनुजा मॅडम, हेडसरांच्या मोबाइलवरची अक्षरं आपोआप मोठी झाली तरी तनुजा मॅडम. पोरांना तर ती शिकवायचीच, पण तिचा खरा घाम काढला होता तो मास्तर लोकांनी.

काय एकेक नमुने होते म्हणून सांगावं. हेडसर बद्रीनाथ यांनी पहिल्या दिवशी माऊस उचलला, पडद्याकडं रोखला आणि टीव्हीचा रिमोट दाबावा तसा दाबत बसले. गणिताचे मोहियोद्दीन सर एका बोटानं टाइप करायचे आणि दुसऱ्या हातानं ते बोट धरून ठेवायचे, घसरू नये म्हणून. पोषण आहाराची खिचडी करणाऱ्या साळूबाई मावशी तर लॅबमधे यायच्या आधी चपला बाहेर काढून हात जोडायच्या. आणि आज बघा. हेडसर स्वतः तक्ते बनवत होते, मोहियोद्दीन सर प्रश्नपत्रिकेतला प्रत्येक आकडा वेगळ्या रंगात सजवत होते, आणि साळूबाई मावशी खिचडीचा फोटो काढून, त्याच्यामागची काळी भिंत पुसून, तिथं हिरवं शेत लावून वरच्या ऑफिसला पाठवत होत्या. वरच्या ऑफिसनं एकदा विचारलंही होतं, तुमची शाळा मळ्यात आहे का म्हणून.

हात टेकले ते एका माणसापुढं. मराठीचे पुंडलिक सर. निवृत्तीला आलेले, धोतर नाही पण बाकी सगळं धोतराच्या काळातलं. "माझ्या बोटांना खडूची सवय हाय बाई, त्यांना आता बिघडवू नका," एवढं म्हणायचे आणि विषय संपवायचे. लॅबमधे मात्र रोज यायचे, कारण साऱ्या शाळेत कूलर तिथंच. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे, तोंडापुढं वर्तमानपत्र धरायचे, आणि तनुजा बाकीच्यांना शिकवत असताना त्या कागदाआडून कधीमधी खोकायचे. तिनं सगळ्या स्टाफची खाती उघडली तेव्हा पुंडलिक सरांचंही उघडून दिलं होतं. त्यांनी पासवर्डची चिठ्ठी खिशात घातली आणि पान उलटलं.

तर अशी ही तनुजा, आणि तिचा करार या एप्रिलात संपत होता. पुढं वाढणार नाही, असं स्पष्ट कळलेलं. त्याच सुमारास शहरात, उस्मानपुऱ्यात, तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, शिक्षकांसाठी नवं प्रशिक्षण केंद्र उघडलं आणि त्यात एक जागा निघाली. जिल्ह्यातल्या शिक्षकांना तंत्रज्ञान शिकवायचं. पोरांना नव्हे, शिक्षकांना.

ही जागा तिला जिवापाड हवी होती. नोकरी जाणार म्हणून हवी होती हे तर खरंच, पण तेवढंच नव्हे. पोरं चुकायला भीत नाहीत, त्यामुळं त्यांना शिकवणं सोपं. पण पन्नाशीचा माणूस, ज्याला गावात सगळे सर म्हणून नमस्कार करतात, तो पहिल्यांदा माऊस धरतो तेव्हा त्याचा हात थरथरतो. तो हात हळूहळू स्थिर होताना बघायला तिला फार आवडायचं. ते काम आयुष्यभर मिळालं तर आणखी काय पाहिजे, असं ती नवऱ्याला म्हणायची. नवरा शिवराज वाळूजला कंपनीत शिफ्टवर. तो जेवता जेवता म्हणायचा, "मग घे की मिळवून."

मिळवायची कशी, तिथंच घोडं अडलं होतं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेत ती मुलाखतीला गेली होती. तिथल्या साहेबांनी विचारलं, तुम्ही केलेलं काम दाखवा. तनुजाकडं दाखवायला काहीच नव्हतं. शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो तिनंच काढलेला, त्यामुळं एकाही फोटोत ती नाही. प्रत्येक तक्त्यावर नाव दुसऱ्याचं, कारण तिनं तो दुसऱ्याकडून करून घेतलेला. तोंडानं काय सांगायचं? ती तशीच परत आली आणि रस्ताभर स्वतःवर चिडत राहिली.

या वेळी जाहिरातीतच लिहिलं होतं की उमेदवारानं आपल्या कामाचा डिजिटल पोर्टफोलिओ आणावा, लिंक आधी पाठवावी. मग बाई कामाला लागली. पडद्यावर एकामागून एक स्लाइड बनवत गेली. पोरांनी केलेले प्रकल्प, तिनं तयार केलेले पाठ, शिक्षकांसाठी घेतलेले वर्ग. पांढरी स्वच्छ पानं, बारीक नेटकी अक्षरं, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा स्वतःचा फोटो. शिवराजनं डबा भरता भरता बघितलं आणि म्हणाला, "लई भारी झालंय. पण तू कुठंय यात?"

"आहे की. हे काय कोपऱ्यात."

"तो फोटो व्हय? मला वाटलं ठिपका पडलाय."

मधे एक स्लाइड तिनं मनापासून लिहिली. तिचं नाव ठेवलं, 'न जमलेलं'. त्यावर फक्त एवढंच: 'आमच्या शाळेत एक ज्येष्ठ शिक्षक आहेत. पाच वर्षांत मी त्यांना संगणकाला बोटही लावायला लावू शकले नाही. कमी माझ्यातच असावी.' शिवराज म्हणाला, हे कशाला, मुलाखतीत कोणी स्वतःचं वाईट सांगतं का. ती म्हणाली, असू दे, खरंय ते. आणि खरंच, ते तिला कुसळासारखं टोचत होतं.

शेवटचं पान तिनं रिकामं ठेवलं, सहकाऱ्यांच्या अभिप्रायासाठी. शुक्रवारी संध्याकाळी स्टाफच्या ग्रुपवर लिंक टाकली. सोबत लिहिलं, 'सर्वांना नम्र विनंती, शेवटच्या पानावर एकदोन ओळींचा अभिप्राय लिहावा.' आता लिहायचं म्हणजे आत शिरायची परवानगी लागणार. ती तिनं सगळ्यांना दिली. सकाळी काढून घेऊ, कुलूप लावू, असं ठरवलं.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या बाईनं पाच वर्षं अख्ख्या शाळेला एक मंत्र पाठ करून घेतला होता: 'आधी कुलूप, मग लिंक.' कोणालाही लिंक पाठवायच्या आधी बघा, समोरचा फक्त वाचू शकतो का बदलूही शकतो. साळूबाई मावशी तर खिचडीला फोडणी देताना तो म्हणायच्या. आणि शनिवारी सकाळी काय झालं? गॅसचं सिलिंडर नेमकं तेव्हाच संपलं, साडीची पिन मोडली, शिवराजची गाडी सुरू होईना. तनुजा पायीच निघाली, दोन गल्ल्यांवर तर जायचं होतं. कुलूप मात्र राहून गेलं.

शाळेत शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. पुढचं सगळं तनुजाला नंतर कळलं, पण गोष्टीत ते इथंच सांगायला हवं. सगळा स्टाफ अभिप्राय लिहायला लॅबमधे जमला. पोर्टफोलिओ उघडला.

हेडसरांनी चष्मा पुसला. आता बद्रीनाथ सर म्हणजे फ्लेक्सच्या बाबतीत तालुक्यातला शेवटचा शब्द. कोणाचा वाढदिवस असो, कोणी सरपंच होवो, कोणाचं पोरगं पोलिसात लागो, चौकात जो फ्लेक्स लागायचा त्याचा मजकूर सरांच्या हातचा. कोणाचा फोटो केवढा, कोण वर, कोण खाली, शुभेच्छुकांची रांग कशी लावायची, हे त्यांना विचारल्याशिवाय फ्लेक्सवाला छापायचाच नाही. अशा माणसानं तो पांढरा पोर्टफोलिओ पाहिला. कोपऱ्यातला ठिपका पाहिला. आणि त्यांना गलबलून आलं.

"अरे, हिच्या मागं कोणी हाय का नाय?" सर म्हणाले. "एवढ्या मोठ्या मुलाखतीला पोरगी चालली आणि एक शुभेच्छुक नाय? लोक काय म्हणतील?"

"बराबर है सर," मोहियोद्दीन सर म्हणाले. "इत्ता सफेद तो हॉस्पिटल में भी नै रहता."

साळूबाई मावशींनी पदर खोचला आणि खुर्ची ओढली.

इकडं उस्मानपुऱ्यात तनुजानं मोबाइल बंद करून बाहेरच्या शिपायाकडच्या ट्रेमधे ठेवला आणि आत गेली. टेबलापलीकडं दोघं बसलेले. केंद्राच्या प्रमुख राजनंदिनी मॅडम, पांढरे केस, बारीक आवाज, चेहऱ्यावरून काही कळू न देणाऱ्या. आणि शेजारी एक चष्मेवाले साहेब, ज्यांच्या चेहऱ्यावरून सगळं कळत होतं, मुख्यतः कंटाळा. भिंतीवर भला मोठा पडदा.

साहेबांनीच सुरुवात केली. "शिक्षक लोक लिंका कुठंही टाकतात, मग गोंधळ होतो. तुम्ही त्यांना सुरक्षेबद्दल काय सांगाल?"

तनुजाला आनंद झाला. हा तर तिचा घरचा विषय. पाठ ताठ करून ती म्हणाली, "सर, मी एकच वाक्य शिकवते. आधी कुलूप, मग लिंक."

"वा," साहेब म्हणाले. त्यांनी ते लिहूनही घेतलं. "छान वाक्य आहे. चला, तुमचा पोर्टफोलिओ बघू." आणि त्यांनी लिंक उघडली.

पडदा झेंडूनं भरला. चारही बाजूंनी झेंडूच्या माळा, खाली दोन समया, वर लालपिवळ्या अक्षरांत 'हार्दिक शुभेच्छा' तीनदा. मधोमध तनुजा, स्टाफमधल्या कोणीतरी तिच्या नकळत काढलेल्या फोटोतून कापून काढलेली, डोक्यापासून पायापर्यंत, आणि तिच्यामागं मावशींचं ते हिरवं शेत. कापताना एका हाताचा पंजा गेला होता. तिच्या डोक्यामागं सोनेरी किरणं. खाली मजकूर: 'फुलंब्री तालुक्याची शान, संगणकाची खाण, आमच्या लाडक्या तनुजा मॅडम यांना मुलाखतीच्या कोटी कोटी शुभेच्छा.' डाव्या अंगाला हेडसर, काळा गॉगल लावून, कानाला फोन. उजवीकडं गाव, तालुका, जिल्हा. आणि तळाला ठळक: 'शुभेच्छुक: समस्त स्टाफ व पोषण आहार.'

तनुजाच्या तोंडचं पाणी पळालं. कुलूप. कुलूप राहिलं. घरातून निघाल्यापासून काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं, ते हे.

"हे तुम्ही केलंय?" साहेबांनी विचारलं.

ती तोंड उघडणार तेवढ्यात पडद्यावरचे हेडसर हलले. गॉगलसकट वर सरकले. 'बद्रीनाथ' असं नाव लिहिलेली निळी चौकट त्यांना ओढत होती. पानात जो कोणी हात घालतो, त्याच्या नावाची रंगीत चौकट पडद्यावर दिसते, तीच ही. मग 'मोहियोद्दीन' नावाची नारिंगी चौकट आली आणि तिनं त्यांना पुन्हा खाली नेलं. निळीनं वर नेलं. नारिंगीनं खाली नेलं. मग जांभळी चौकट आली, तिच्यावर 'साळूबाई', आणि तिनं दोघांच्या मधे खिचडीचं पातेलं आणून ठेवलं.

साहेब खुर्चीत पुढं सरकले. कंटाळा कुठच्या कुठं गेला होता.

"हे आत्ता चाललंय?" राजनंदिनी मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम," तनुजा म्हणाली. आता लपवायला उरलंच काय होतं? "माझी चूक झाली. अभिप्रायासाठी परवानगी दिली होती, काढायची राहिली. हा आमचा स्टाफ आहे. शाळेच्या लॅबमधून करतायत."

"म्हणजे आधी लिंक, मग कुलूप," साहेब म्हणाले आणि वहीत लिहिलेल्या वाक्यावर काट मारली. तनुजाला वाटलं, ती काट आपल्या नावावरच बसली. झालं, गेली ही पण जागा. रडू आलं, आणि त्याच वेळी पडद्यावर मावशींनी पातेल्याला झेंडूची माळ घातली तेव्हा तिला हसूही फुटायला लागलं. दोन्ही एकदम आवरणं काय सोपं असतं का? तिला ठसका लागला.

राजनंदिनी मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि शांतपणे म्हणाल्या, "पुढचं पान घ्या."

पुढच्या पानावर पोरांच्या प्रकल्पाभोवती मोहियोद्दीन सरांनी चांदण्या लावल्या होत्या. त्याच्या पुढच्या पानावर त्यांचा अभिप्राय, प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगात: 'पैले हम कंप्यूटर से डरते थे. मॅडम आए तब से कंप्यूटर हमसे डरता.' साहेब फस्सकन हसले आणि लगेच खोकल्यासारखं केलं. पुढं घेतलं. आणि 'न जमलेलं' आलं. या पानाला मात्र कोणी हात लावलेला नव्हता. ना झेंडू, ना समई. पांढरं पान आणि तिची ती तीन वाक्यं.

मॅडमनी ती सावकाश वाचली. "हे सर कोण?"

"पुंडलिक सर. मराठी शिकवतात. लॅबमधे येतात रोज, पण फक्त कूलरच्या वाऱ्यासाठी. मी खूप प्रयत्न केले मॅडम. नाही जमलं."

"इथं जिल्ह्यातून येणारे निम्मे शिक्षक असेच असणार आहेत," मॅडम म्हणाल्या. "त्यांचं काय करणार?"

"तेच मला अजून सापडलेलं नाही मॅडम," तनुजा म्हणाली. बाई खोटं बोलायला शिकलीच नव्हती, त्याला कोण काय करणार.

"बरं, हे आधी बंद करून टाका," साहेबांनी माऊस तिच्याकडं सरकवला. "तो सगळा तमाशा. कुलूप लावा, मग नीट बोलू."

तनुजानं माऊस धरला. एका क्लिकचं काम होतं. कुलूप लागलं असतं, निदान शेवटी तरी लाज राहिली असती. तिनं बोट ठेवलं, आणि तेवढ्यात त्या पांढऱ्या पानावर एक हिरवी चौकट उगवली. चौकटीवर नाव होतं, पुंडलिक.

हे नाव तिनं पडद्यावर कधीही पाहिलं नव्हतं. खातं तिनंच उघडलं होतं, पण पाच वर्षांत त्या खात्याचा रंग कोणता हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. हिरवा होता.

"लावा ना कुलूप," साहेब म्हणाले.

"थांबा सर," ती म्हणाली. मुलाखतीला आलेली बाई मुलाखत घेणाऱ्याला थांबा म्हणत होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "एक मिनिट. त्यांना लिहू द्या. मधेच कुलूप लागलं तर त्यांना वाटेल त्यांच्या हातून काहीतरी मोडलं. परत बोट लावणार नाहीत."

साहेबांनी राजनंदिनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम पडद्याकडं बघत होत्या.

हिरवी चौकट तिच्या पहिल्या वाक्यावर गेली. चुकून निम्मंच वाक्य धरलं, सोडलं, पुन्हा सगळं धरलं. मग बराच वेळ काहीच नाही. सर काहीतरी शोधतायत हे तिला कळत होतं, आणि काय शोधतायत ते कळल्यावर तर तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिची तिन्ही वाक्यं एकेक करून लाल झाली आणि त्यांच्यावरून आडवी रेघ गेली. आयुष्यभर पोरांचे निबंध तपासले तसंच. मग खाली लाल अक्षरं उमटू लागली. एकेक. एक अक्षर यायचं, पुसलं जायचं, दुसरं यायचं. जोडाक्षरापाशी गाडी अडायची, मग निघायची. तिघंही ते बघत राहिले.

'दुरुस्ती. वरील विधान चुकीचे आहे. मी वर्तमानपत्राआडून सगळे शिकलो. सर्वांसमोर चुकायची लाज वाटत होती, म्हणून बोललो नाही. बाईंमध्ये कमी नाही. पुंडलिक.'

तनुजा रडत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तो खोकला. पाच वर्षं कागदाआडून येणारा तो खोकला. ती जरा भराभर पुढं गेली की यायचा, हे तिला आत्ता कळत होतं. खोकला ऐकून ती थांबायची, सरांना स्वतः पाणी आणून द्यायची, आणि परत आल्यावर तेच पुन्हा सांगायची. वर्गाला वाटायचं मॅडम उजळणी घेतायत.

"त्यांना शिकवताना तुम्हाला माहीत नव्हतं?" मॅडमनी विचारलं.

"नाही ना मॅडम," ती डोळे पुसत हसली. "कागदाआडून नुसते खोकायचे. मला वाटलं, सर्दी आहे."

आता साहेब उघडउघड हसले. तेवढ्यात पडद्यावर एकदम अंधार झाला. अंधार कसला, केस होते ते. पुंडलिक सरांनी आपला शुभेच्छुक म्हणून फोटो टाकला होता, आणि तो इतका प्रचंड मोठा येऊन पडला होता की पडद्यावर फक्त त्यांचा भांग मावत होता. फोटो जुना होता, केस काळेभोर होते. हिरवी चौकट घाबरून इकडंतिकडं धावली. निळी मदतीला आली, नारिंगी आली, जांभळीही आली. फोटो आणखी मोठा झाला. आता एक भुवई राहिली.

राजनंदिनी मॅडमनी कीबोर्ड स्वतःकडं ओढला. त्या भुवईच्या वर एक नवी चौकट काढली. लिहू लागल्या, आणि कुलूप नसल्यामुळं फुलंब्रीच्या लॅबमधेही तेव्हाच ते उमटत गेलं.

'पुंडलिक सर, नमस्कार. मी मुलाखत घेणारी राजनंदिनी. तुमच्या बाई आम्हाला आमच्याकडं हव्या आहेत. नेऊ का?'

तनुजानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग साहेबांकडं पाहिलं. ते वहीत काट मारलेलं वाक्य नव्यानं लिहून घेत होते.

पडद्यावर सगळ्या चौकटी जागच्या जागी थबकल्या. निळी, नारिंगी, जांभळी, सगळ्या. लॅबमधे म्हणे हेडसरांनी आनंदानं असा काही हंबरडा फोडला की शेजारच्या टपरीवरचा चहावाला धावत आला. पडद्यावर मात्र झेंडूचा पाऊस सुरू झाला. माळा, समया, फुगे, चांदण्या, खिचडीची तीन पातेली. हेडसरांनी पहिल्या पानावरच्या 'मुलाखतीच्या' या शब्दाच्या जागी 'निवडीच्या' असं करून टाकलं, आणि संधी साधून स्वतःचा फोटोही थोडा वाढवला.

या सगळ्या धुमाकुळात हिरवी चौकट हळूहळू आली. मॅडमच्या ओळीखाली थांबली. आणि लाल शाईत, जोडाक्षरापाशी दम खात, लिहू लागली.

'अवश्य न्यावे. हरकत नाही. परंतु हा फोटो लहान कसा करावा, तेवढे सांगून मग न्यावे.'

तनुजानं नाक पुसलं, माऊस बाजूला ठेवला. स्वतः करून टाकणं सोपं होतं, पण तसं तिनं कधीच केलं नव्हतं. तिनं मॅडमची परवानगीही न विचारता कीबोर्ड घेतला आणि लिहिलं, 'सर, कोपरा धरा. मधला भाग नको, कोपरा. धरला की आत ढकला. सावकाश. मोडत नाही काही.'

हिरवी चौकट भुवईवरून खाली उतरली. एकदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली. मग कुठंतरी पडद्याबाहेर, त्या प्रचंड फोटोच्या टोकाला, तिला कोपरा सापडला. भुवईचे डोळे झाले, डोळ्यांचा चेहरा झाला, चेहरा आक्रसत आक्रसत शुभेच्छुकांच्या रांगेत, हेडसर आणि पातेल्याच्या मधे, जाऊन बसला.

तनुजानं माऊस पुन्हा हातात घेतला. "आता लावू का कुलूप?"

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "अजून कोणीतरी लिहितंय."